आपल्या सामानाची जबाबदारी आपली

पुण्यात शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये हिमालयातल्या एखाद्या ट्रेकची पूर्वतयारीची बैठक चालू असते. पडद्यावर बर्फाची शिखरं, मागच्या टेबलावर चहा-वडा आणि पुढच्या रांगेत नवे बूट पायाला सवय व्हावी म्हणून घरापासून घालून आलेली मंडळी. “शंका विचारा” म्हटलं की हात वर होतात. काठी एक घ्यावी की दोन? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कधीपासून सुरू करायची? सिंहगड किती मिनिटांत चढता आला म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प झेपेल? तिकडे मोबाइल चार्ज करायचे किती घेतात? बाकरवडी न्यावी, की वजन होईल? तासभर शंकानिरसन होतं, आभारप्रदर्शन होतं, खुर्च्या सरकायला लागतात आणि मग दाराशी लीडरभोवती एक छोटंसं कोंडाळं जमतं. आवाज खाली आलेले असतात. खरी बैठक ती.

“नाही, म्हणजे… सकाळचं तिकडे कसं काय असतं?”

“टॉयलेट टेंट असतो, काकू.”

“हो, पण टेंटच्या आत काय असतं?”

“खड्डा.”

“अच्छा. आणि पाणी?”

यावर लीडर नुसता हसतो. त्या हसण्याचा अर्थ ज्यांना लागतो त्यांतले एक-दोघे त्याच आठवड्यात पैसे परत मागतात. बाकीचे येतात, कारण तोवर सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं असतं.

टॉयलेट टेंट ही वास्तू ट्रेकच्या एकाही फोटोत दिसत नाही. फोटोत पिवळे-केशरी तंबू असतात, पाठीमागे शिखर असतं, पुढे उड्या मारणारी माणसं असतात. कॅम्पच्या टोकाला, जरा उतारावर, एक उंच, अरुंद तंबू एकटा उभा असतो. ग्रुपवर टाकताना तेवढी कड कापतात. वास्तविक पाहता चोवीस तासांत त्या कॅम्पमधल्या प्रत्येकाचं सगळ्यात जास्त लक्ष त्याच तंबूकडे असतं.

आतली व्यवस्था अशी. मधोमध हातभर लांब, वीतभर रुंद आणि मांडीपर्यंत खोल चर. कडेला उपसलेल्या मातीचा ढीग आणि त्यात खोचलेलं एक छोटं फावडं. काम झालं की दोन फावडी माती ढकलायची. चराच्या दोन्ही अंगांना पाय ठेवायला चपटे दगड, आणि त्यातला एक हमखास हलता. कोणता ते ज्याचं त्यानं शोधायचं. पुढच्या पडद्याला चेन असते. ती खालून निघून छातीपर्यंत नीट येते आणि तिथं अडकते. राहिलेल्या फटीतून समोरची अख्खी पर्वतरांग दिसते, आणि पर्वतरांगेला आपण. असा देखावा शहरात कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, पण त्याचा आस्वाद घेण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी कुणी नसतं.

कडी-कोयंडा नसल्यामुळे आत कुणी आहे का, हे कळायला मराठी माणसाची जुनी पद्धत वापरतात. बाहेरच्यानं खाकरायचं आणि आतल्यानं त्याहून मोठ्यांदा खाकरायचं. सपाटीवर ही पद्धत निर्धोक आहे. चार हजार मीटरवर कोरड्या हवेनं सगळा कॅम्पच खोकत असतो. त्यामुळे शेजारच्या तंबूतल्या खोकल्याला उत्तर म्हणून आतला माणूस खाकरतो, त्याला उत्तर म्हणून स्वयंपाक्याच्या तंबूतून कुणीतरी खोकतो, आणि बाहेर उभा असलेला गरजू माणूस या जुगलबंदीत अंदाज बांधत राहतो. रात्रीची तऱ्हा निराळी. हेडटॉर्च लावून आत गेलेल्या माणसाच्या हे लक्षातच येत नाही, की कापड पातळ आहे आणि दिवा आतून लागलेला आहे. बाहेरच्यांना त्याची सावली पडद्यावर स्वच्छ दिसते, त्यातही दगड शोधतानाचा भाग फार रंगतो. जुने जाणते लोक टॉर्च काढून जमिनीवर पालथा ठेवतात. नवख्यांना हे कुणी सांगत नाही, कारण कॅम्पवर करमणुकीची साधनं कमी असतात.

आणि मग बसणं. ज्या पिढीनं वाड्यातला, चाळीतला संडास सोडून ब्लॉक घेतला, कमोड बसवला आणि डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी बजावल्यावर उकिडवं बसणं कायमचं सोडून दिलं, तीच पिढी हजारो रुपये भरून, विमानानं जाऊन, पाच-सहा तास चढून, पुन्हा उकिडवी बसायला हिमालयात येते. अंगावर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट आणि त्यावर वाऱ्याचं जॅकेट. यातलं काय वर करायचं, काय खाली करायचं आणि काय दातात धरायचं, याचा क्रम चुकला की दोरी चरात जाते. मागच्या खिशात मोबाइल ठेवण्याची सवय तर घातकच. तो पडला की आवाज येतो, मग शांतता. रेंज नसल्यामुळे रिंग देऊन शोधायचीही सोय नाही. बसणं कसंबसं जमतंच. दिवसभर चढलेल्या मांड्यांनी परत उठणं ही त्या ट्रेकमधली खरी खिंड, आणि ती प्रमाणपत्रावर छापत नाहीत.

हे सगळं करून काम होईलच असं मात्र नाही. उंचीवर गेलं की माणसांचे दोन तट पडतात. पहिल्याचं थांबत नाही, दुसऱ्याचं होत नाही. आमच्या एका ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते दुसऱ्या तटाचे बिनविरोध अध्यक्ष. रोज सकाळी न्याहारीच्या आधी लीडर बोटाला ऑक्सिमीटर लावून प्रत्येकाचा आकडा वहीत लिहायचा आणि त्याच सुरात विचारायचा, “पोट साफ?” काका रोज मान हलवायचे. इसबगोल झालं, कोमट पाणी झालं, मनुका झाल्या, पहाटे तंबूभोवती शतपावली झाली. एका इंजिनीअर मुलीनं तर त्यांच्या चहात तूप घातलं. हळूहळू तो प्रश्न सगळ्या ग्रुपचा झाला. शिखराच्या आदल्या दिवशी काका त्या अरुंद तंबूतून बाहेर आले, चेन लावली, आमच्याकडे वळले आणि त्यांनी फक्त अंगठा वर केला. जेवणाच्या तंबूत टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शिखरावर पोचल्याबद्दलही टाळ्या पडल्या, पण त्या औपचारिक होत्या.

ट्रेकच्या पहिल्या दिवशी लीडर दोन भयंकर आजारांची माहिती देतो. फुप्फुसात पाणी होणं आणि मेंदूला सूज येणं. त्यांची इंग्रजी लघुरूपं हेप आणि हेस. दोन्ही जिवावर बेतणारे, त्यामुळे सगळे गंभीर होऊन ऐकतात. तिसऱ्याबद्दल तो बोलत नाही. तो १९८१ मध्ये ऑअरबाख आणि मिलर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी वैद्यकाच्या एका नियतकालिकात पत्र पाठवून जगापुढे आणला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘हाय अल्टिट्यूड फ्लॅटस एक्सपल्शन’, म्हणजे लघुरूप हाफे. भौतिकशास्त्र साधं आहे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा होतो, म्हणून वेफर्सचं पाकीट जसं टम्म फुगतं तसंच पोट. पाकिटाला चहूबाजूंनी शिवण असते, एवढाच फरक. अशा परिस्थितीत ट्रेकवरचे स्वयंपाकी रात्री राजमा करतात. राजमा नसेल तर छोले, छोले नसतील तर कोबी. तीन माणसांच्या तंबूत मधे झोपणाऱ्यानं या आजाराचा अभ्यास दोन्ही बाजूंनी केलेला असतो. हाफे जीवघेणा नाही, असं ते दोन डॉक्टर म्हणतात. त्यांना स्वतंत्र तंबू असावेत.

लघवीचं निराळंच. उंचीवर शरीर आपणहून जास्त पाणी बाहेर टाकतं, त्यात डायमॉक्सही तेच काम करते. शरीर जुळवून घेत असल्याची ती चांगली खूण आहे, असं लीडर सांगतो. दिवसा ते पटतं. रात्री दोन वाजता, बाहेर उणे दहा असताना, स्लीपिंग बॅगेत पडल्या पडल्या माणूस स्वतःशी जी चर्चा करतो ती अर्धा-पाऊण तास चालते आणि शेवटी निर्णय एकच होतो. म्हणून अनुभवी मंडळी रुंद तोंडाची एक बाटली तंबूतच ठेवतात. बायकांसाठी तिला जोडायची नरसाळी मिळतात. पाण्याची बाटली आणि ही बाटली अंधारात हाताला वेगळी लागावी म्हणून तिला दोन जाड रबरबँड लावायचे असतात. अंधारात नुसत्या आत्मविश्वासावर काढलेली बाटली फार महागात पडते.

मूळ प्रश्न पाण्याचा. मराठी माणूस भात सोडेल, पोळी सोडेल, आंघोळ तर आनंदानं सोडतो, पण पाणी सोडायला तयार नसतो. पहाटे पाचला स्वयंपाक्याच्या तंबूबाहेर हातात बाटली घेऊन घुटमळणारी जी आकृती दिसते ती बहुधा पुण्याची, नाहीतर डोंबिवलीची असते. तिथला पोरगा काही न विचारता गरम पाणी ओतून देतो. एव्हरेस्टच्या वाटेवर, नेपाळातल्या लॉजमध्ये, संडासात निळं पिंप असतं आणि त्यात मग तरंगत असतो. नामचेला तो तरंगतो. वर लोबुचेला त्याच्याभोवती बर्फाचा पापुद्रा असतो, मगानंच ठोकून भोक पाडायचं. गोरक्षेपला पहाटे गेलं तर मग पिंपात रुतून बसलेला असतो आणि ठोकायला दुसरा मग नसतो. तिथं माणूस तत्त्वं बाजूला ठेवून कागदाकडे वळतो. कागदाची किंमतही उंचीबरोबर चढत जाते. सगळं पाठीवर वर आलेलं असतं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

कागदापर्यंत ठीक. घात करतात ते ओले वाइप्स. गुलाबाच्या वासाचे, पाकिटावर बाळाचं चित्र असलेले. हातात कापडासारखे लागतात म्हणून लोकांना ते कापडच वाटतं. बऱ्याच वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात. ते कुजत नाहीत, विरघळत नाहीत, वाऱ्यानं खड्ड्यातून वर येतात आणि खडकांच्या सांदीत जाऊन बसतात. आमच्यात एक निसर्गप्रेमी गृहस्थ होते. दूरवर झुडपाच्या बुंध्याशी पांढरं काहीतरी दिसलं म्हणून ते कॅमेऱ्याला जवळच्या फोटोची लेन्स लावून, धापा टाकत, ब्रह्मकमळाच्या आशेनं चढत गेले. परत आले तेव्हा काही बोलले नाहीत. फोटो आला का, असं एकीनं विचारल्यावर म्हणाले, “मोसम संपलाय.”

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? आपण सह्याद्रीत वर्षानुवर्षं झाडामागे जातच आलोय की. गेलो. पण सह्याद्री सगळं पोटात घालतो. राजमाचीला जुलैत धो धो पाऊस, ऊबदार माती, जंतू, गांडुळं, शेणकिडे अशी फौज रात्रंदिवस कामाला लागलेली असते. चार-सहा आठवड्यांनी तिथं तुम्ही होता याचा पुरावा राहत नाही. (शनिवारी रात्री एका कड्यावर पाचशे माणसं चढवली तर ही फौजही राजीनामा देते, तो भाग वेगळा.) वृक्षरेषेच्या वर हिमालयात माती बऱ्याच ठिकाणी बोटभर, तीही वर्षातले बरेच महिने गोठलेली. कुजण्यासाठी लागणारी ऊब नाही, ओल असली तर बर्फाच्या रूपात, जंतू हातपाय आखडून बसलेले. हिमालय पोटात घालत नाही, जपून ठेवतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोहिमेचे दोर, डबे, तंबू जसे सापडतात, तसंच हेही. इतिहासात आपलं काहीतरी मागे राहावं असं ज्यांना वाटतं त्यांची तिथं पक्की सोय आहे.

नियम सांगतो की वीतभर खोल खड्डा करा आणि पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जा. नियम करणाऱ्यानं तो सपाटीवर बसून केला असावा. पहाटे, दम लागलेला, पोटात घाई, अशा वेळी सत्तर मीटर हे अंतर कागदावर असतं तेवढं राहत नाही. शिवाय कॅम्प मुळात ओढ्याकाठीच असतो, कारण स्वयंपाकाला पाणी लागतं. आणि त्या ओढ्यावर, तासाभराच्या उतारावर, खालचा कॅम्प असतो. त्याच्याही स्वयंपाकाला पाणी लागतं. वरच्या कॅम्पवरून उतरून आल्यावर तिथं जो पहिला वाफाळता चहा मिळतो, तो पिताना शहाण्या माणसानं भूगोल आठवू नये.

उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. रूपकुंडला जाताना बेदिनीच्या हिरव्या कुरणावर तंबू ठोकून चांदण्यात गाणी म्हणणाऱ्या मराठी मंडळींनी त्या वेळी फार हळहळ व्यक्त केली. कुरण कशानं खराब झालं याची चर्चा झाली तेव्हा खेचरं, प्लॅस्टिक, मॅगीची पाकिटं, टपऱ्या अशी सगळ्यांची नावं निघाली. त्या अरुंद तंबूचा विषय कुणी काढला नाही. पुन्हा कड कापली.

लडाखच्या लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, तेही सल्लागार न नेमता. तिथल्या जुन्या घरातला संडास दुमजली. वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. खालच्या खोलीत सगळं साठतं, वरून माती आणि चुलीतली राख पडत राहते, पाण्याचा थेंब नाही. वसंतात खालचं दार उघडायचं आणि खत शेतात न्यायचं. ज्या देशात पाणी सोन्याच्या भावाचं, शेतीला चार महिने आणि मातीत कस नाही, तिथं हीच पुंजी. वासही नाही म्हटलं तरी चालेल. त्रास एकच, खालून वारा येतो. भर थंडीत तो वारा त्या भोकातून ज्या वेगानं वर येतो त्याची कल्पना फ्लॅटमधल्या माणसाला देणं अवघड आहे. टाकलेला कागद त्या झोतावर तरंगत परत वर येतो आणि खांद्याशी थांबतो. आमच्यातल्या एका बाईंनी तो तीनदा खाली पाठवला. चौथ्यांदा त्यांनी त्यावर फावडंभर माती टाकली आणि विजयी मुद्रेनं बाहेर आल्या. घरमालकीणबाईंनी खुणेनं सांगितलं की माती टाका, कागद टाकूच नका.

थंडीत जंतू काम करत नाहीत, ही अडचण सैन्यालाही होती. सियाचीनवर जवानांचं करायचं काय, म्हणून डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं थंडीतही टिकून पचवणारे जंतू शोधले, त्यातले काही अंटार्क्टिकाहून आणले, आणि त्यांची बंद टाकी तयार केली. पुढे तीच युक्ती रेल्वेनं घेतली. आज तुम्ही कल्याणहून गाडीत बसता तेव्हा डब्याखाली जी टाकी लटकत असते, तिच्या वंशाची मुळं सियाचीनकडे जातात. उणे तापमानात तग धरणारे हे शूर जंतू. मात्र रेल्वेच्या डब्यात लोक त्यांना गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचे कप खायला घालतात, तेव्हा तेही हात टेकतात. अंटार्क्टिका परवडलं, असं म्हणत असतील.

मग जे जंतू करत नाहीत ते माणसं करतात. किलिमांजारोवर थोडे जादा पैसे दिले की खासगी संडास मिळतो. एक हमाल तो पाठीवर घेऊन तुमच्या आधी पुढच्या कॅम्पला पोचतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर संडासाखाली निळी पिंपं ठेवतात, भरली की नेपाळी हमाल ती पाठीवर घेऊन खाली गोरक्षेपच्या बाजूला आणतात आणि खड्ड्यात रिकामी करतात. एका वर्षाला हे बारा टनांच्या घरात जातं. वाटेत समोरून येणारे ट्रेकर हसून नमस्ते म्हणतात. पिंपात काय आहे ते कळलं की नमस्ते थोडं लांबून होतं. बारा टन ऐकल्यावर कुठल्याही मराठी माणसाच्या मनात पहिला विचार गोबरगॅसचा येतो. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला गॅसचं संयंत्र जोडून दाखवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना मरणोत्तर पद्मश्रीही मिळाली. काही अमेरिकन इंजिनीअर गिर्यारोहकांनी गोरक्षेपसाठी असंच संयंत्र आखलं आहे. अडचण तीच. देहूत जे उन्हात आपोआप होतं, ते ५,१६४ मीटरवर करायला आधी टाकीच गरम ठेवावी लागते. जंतूंना तिथं हीटर लागतो, जो लॉजमधल्या माणसांनाही नसतो.

या विषयात आपल्याकडे एक फार हट्टी माणूस होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणातले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला मैला साफ करण्याचं काम द्या. तुरुंगानं नाकारलं, कारण जात ब्राह्मण. ते काम ज्या जातींवर लादलं होतं त्यांनीच ते करायचं, असा सरकारी हिशेब. अप्पासाहेबांनी अन्नावर हात आखडला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधींनी उपास धरला. पुढे कणकवलीला गोपुरीत अप्पासाहेब वर्षानुवर्षं संडासाचे आणि सोनखताचे प्रयोग करत राहिले. ट्रेकवर शेवटच्या दिवशी तंबू उतरताना मला ते आठवतात. चरावर माती लोटायला, दगड हलवायला, वर आलेले वाइप्स काठीनं गोळा करायला कुणाची झुंबड उडालेली दिसत नाही. खेड्यातून कामाला आलेली सतरा-अठरा वर्षांची दोन पोरं ते करतात, आणि आम्ही त्या वेळी शिखराकडे पाठ करून ग्रुप फोटो काढत असतो. टिप देताना लीडरला देतो, स्वयंपाक्याला देतो. त्या पोरांपर्यंत पाकीट पोचतं तेव्हा त्यात सुट्टे उरलेले असतात.

अमेरिकेत डेनाली नावाचं शिखर आहे. तिथं हे काम दुसरं कुणी करत नाही, म्हणून २००१ पासून गिर्यारोहकाला झाकणाचा एक हिरवा डबा देतात. आपला डबा आपण भरायचा, आपण घेऊन फिरायचा. पूर्वी लोक हिमनदीच्या भेगांत टाकून मोकळे व्हायचे. मग संशोधकांनी दाखवून दिलं की हिमनदी ही नदीच आहे, फक्त तिला घाई नाही. भेगेत टाकलेलं सगळं ती सांभाळून खाली आणते आणि काही दशकांनी उन्हात पसरून ठेवते. नातवंडांनी आजोबांच्या मोहिमेचं काय काय पाहावं यालाही मर्यादा असावी.

एव्हरेस्टवर ही वेळ २०२४ मध्ये आली. बेस कॅम्पच्या वरच्या छावण्यांत मिळून तीन टन साठलं असावं, त्यातलं निम्मं साउथ कोलवर, असा तिथल्या प्रदूषण नियंत्रण समितीचा अंदाज होता. साउथ कोल म्हणजे ७,९०० मीटर. तिथं माती नाही, पिंप नाही, हमाल नाही आणि वारा असा की खड्डा खणायच्या आधी खणणारा उडेल. मग खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेनं, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीनं समजा, फतवा काढला. वर जाणाऱ्या प्रत्येकाला दोन पिशव्या. आत पावडर, जी सगळं घट्ट करते आणि वास घालवते. एक पिशवी पाच-सहा वेळा चालते. खाली आल्यावर पिशव्या आणून दाखवायच्या. लाखो रुपये भरून जगाच्या माथ्यावर गेलेला माणूस परत येताना झेंडा, फोटो आणि हे घेऊन बेस कॅम्पवर हजेरी लावणार. ज्यानं हा नियम केला त्याला मी मनापासून मानतो.

बँकेतल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडी परीक्षेसारखी शंका काढली. दोन पिशव्या, प्रत्येकी सहा, म्हणजे बारा. समजा एखादा माणूस रिकामी पिशवी घेऊन खाली आला आणि म्हणाला, साहेब, वर असताना झालीच नाही. मग?

“मग दंड करत असतील,” मी म्हटलं. “दोन आठवडे वर राहून एकदाही नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?”

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“माझा नंबर देऊन ठेवा त्यांना,” ते म्हणाले. “डॉक्टरांचं सर्टिफिकेटही आहे.”